अठ्ठाविसाव्या दाराची चाचणी

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एक चाचणी बदलली. ती बदलू शकणारी तिन्ही माणसं त्या वेळी खालच्या दुकानात कांपुआच्या शेवया खात होती.

तिघांपैकी एक मी. दुसरी मेंडिया, जी कोड लिहिते. तिसरा तेक सिओंग, ज्याची कंपनी आहे आणि ज्याच्या ताटातलं भाजलेलं मटण मेंडिया बोलता बोलता उचलत होती. दुकान सिबू शहरात, नदीच्या धक्क्यापासून दोन गल्ल्या आत. कचेरी त्याच्या वरच्या मजल्यावर. जिना एकच, आणि तो आमच्या टेबलाशेजारून जातो. त्या वेळात वर कोणी गेलं नाही.

वर आलो तेव्हा पडद्यावर एक ओळ लाल झाली होती.

आमचं काम साधं आहे. नदीने वर गेलं की कापित गाव, त्याच्याही वर, नांगा सेलुवाई नावाच्या ठिकाणी एक लांबघर आहे. एका छपराखाली ओळीने घरं, समोर सगळ्यांची मिळून एकच लांब ओसरी. लांबघर केवढं, असं विचारलं तर तिथे माणसं मोजत नाहीत, दारं सांगतात. मागच्या डोंगरावरच्या धबधब्याला छोटं जनित्र बसवलं आहे. त्याची वीज मोजकी. ती दारादारांत कशी वाटायची, कोणाचा भात शिजत असताना कोणाचा दिवा मंद करायचा, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. दर दाराला एक खोकं, आणि सगळ्या खोक्यांना हुकूम देणारा एक संगणक मुखियाच्या घरात. मुखिया म्हणजे उंगाट, मेंडियाचे वडील.

कोड मेंडिया लिहिते. तो तपासणाऱ्या चाचण्या बहुतेक मी लिहिते. मी आधी इथल्या एका दैनिकात बातम्या तपासत होते. काम फारसं बदललेलं नाही. चाचणी म्हणजे एक छोटा प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर. कोडने तेच उत्तर दिलं तर ओळ हिरवी, वेगळं दिलं तर लाल. एक जरी ओळ लाल असली तरी नवा कोड लांबघराकडे जात नाही.

त्या मंगळवारी लाल झालेली चाचणी सगळ्यांत सोपी होती. प्रश्न: लांबघराला दारं किती? ठरलेलं उत्तर: सत्तावीस. कोड अजूनही सत्तावीसच म्हणत होता. चाचणी मात्र अठ्ठावीस मागत होती.

"कोणी केलं हे?" मेंडियाने विचारलं.

"तूच," तेक सिओंग म्हणाला. "नाव तुझं, यंत्र तुझं, वेळ एक वाजून दहा. काढ कोंपिया."

"बॉस, एक वाजून दहाला मी तुमच्या समोर बसले होते. तुमचं मटण कोणी खाल्लं?"

"म्हणजे दोन गुन्हे."

तिचा लॅपटॉप माझ्या टेबलावर मिटलेला होता. त्यावर माझी छत्री होती, आणि ती मी ठेवली तशीच होती.

कोंपियाचं सांगायला हवं. आमच्या भिंतीवरच्या फळ्यावर दोनच शब्द आहेत: कोणी मागितलं? तेक सिओंग नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्यांचा अर्थ समजावतो. "स्वयंपाकघरात भांडी इकडची तिकडे केली म्हणून पाहुण्याच्या पेल्यातली कॉफी बदलत नाही. पाहुण्याने चहा मागितला, तर बदलते." म्हणजे कोड आतून हवा तेवढा उलटासुलटा करा, चाचणीला हात लावायचा नाही. बाहेर दिसणारं वागणं बदलायचं असेल आणि ते कोणीतरी खरोखर मागितलं असेल, तरच चाचणी बदलायची. तीही आधी. मग कोड. बदलताना मागणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव न लिहिता जो चाचणी बदलेल, त्याने सगळ्यांना गरम कोंपिया, म्हणजे तीळ लावलेले छोटे पाव, खिलवायचे.

या बदलापुढे मागणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

मेंडियाने कुरकुरत कोंपिया आणले आणि अठ्ठाविसाचे पुन्हा सत्तावीस केले. आम्ही हसलो आणि कामाला लागलो. कामाची घाई होती.

घाई गवाय सणाची होती. भाताची सुगी संपली की जूनच्या पहिल्या तारखेला गवाय येतो, आणि आदल्या संध्याकाळपासून लांबघर झोपत नाही. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकदम भाताची भांडी लावली, कोणीतरी गाण्याचं यंत्र लावलं, आमच्या कोडने एकाचं काढून दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात सगळं लांबघर काळं झालं. शेजारच्या लांबघराहून आलेले पाहुणे विजेऱ्या पेटवून नाचले. वर्षभर ते नदीवर भेटले की विचारत, "काय हो, यंदा मेणबत्त्या आम्ही आणायच्या की तुम्ही?"

डिझेलचं जनित्र सोडून धबधब्याची वीज घ्या, असं आपल्या माणसांना मेंडियानेच पटवलं होतं. अंधारानंतर ओसरीवर बैठक बसली. ठरलं असं, की यंदाही दिवे गेले तर खोकी काढायची आणि डिझेल परत आणायचं. उंगाट उठून म्हणाले होते की तसं झालं तर ते मुखियापदही सोडतील. मुलीचं ऐकून माणसांना अंधारात बसवणारा मुखिया काय कामाचा.

"त्यांना कोणी सांगितलं होतं उठायला?" मेंडिया मला म्हणाली. "बसून बोलता येत नव्हतं?"

म्हणून ती वाटपाचा सगळा कोड नव्याने लिहीत होती. मे महिन्याच्या मध्यापर्यंत तो आतून ओळखू येईना, आणि चाचण्या हिरव्याच राहिल्या. एकच लाल झाली, ती तेक सिओंगने लिहिलेली. तिने उत्तर तपासायचं सोडून आकडेमोड कोणत्या क्रमाने होते ते तपासलं होतं.

"पाहुणा स्वयंपाकघरात डोकावतोय, बॉस," मेंडिया म्हणाली. "कोंपिया."

तो मुकाट्याने जिना उतरला.

त्याच आठवड्यात एक चाचणी रीतसर बदलली. मेंडियाचा भाऊ लिगोंग लांबघरातलं विजेचं काम बघतो. त्याला मुलगी झाली. उंगाटांचा निरोप आला. मागे कोंबडे आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "मेंडिया, बाळंतिणीच्या दारचा दिवा रात्री मंद होतो, हे काही बरं नाही. महिनाभर तिथे शेक आणि दिवा रात्रभर लागतो. तुझ्या यंत्राला सांग." मी नवी चाचणी लिहिली. प्रश्न: रात्रभर दिवा कोणत्या दारी? उत्तर: सतराव्या. मागणारे: उंगाट. चाचणी लाल झाली, मेंडियाने कोड बदलला, चाचणी हिरवी झाली. हे असं असायला हवं.

गुरुवारी दारांची चाचणी पुन्हा अठ्ठावीस मागू लागली.

तेक सिओंग हसला नाही. त्याने परवलीचे शब्द बदलले, जुनी यंत्रं तपासली, आणि शेवटी मेंडियाच्या लॅपटॉपची इंटरनेट जोडणी तोडून तो आपल्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्यावर पुन्हा अठ्ठावीस होते. त्याने दोन दिवस घालवून कारण शोधलं आणि सापडलं नाही असं स्पष्ट सांगितलं. तो कारणाशिवाय अंदाज करत नाही. त्याचा हा गुण मला आवडतो.

शनिवारी मेंडियाने ती चाचणी पुन्हा सत्तावीस करून पडद्यावर उघडून ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"आता बदल म्हणावं."

मी चहा ओतत होते. खालच्या दुकानदाराने मांजरीला शिवी घातली, तीही दोन भाषांत. मेंडिया हसली, आणि हसताना तिने माझ्याकडे बघितलं.

वळून पाहिलं तर अठ्ठावीस.

कळफलकावर कोणाचा हात नव्हता. चहा पेल्यात अजून फिरत होता.

"अग्नेसताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मी बाबांना फोन लावते."

उंगाट शेतावरून परतत होते. तिने विचारलं, "बाबा, आपली दारं किती?"

"शहरात राहून विसरलीस? सत्तावीस."

"नक्की?"

"माझ्या आजापासून सत्तावीस. काही गेली शहरात, काही उघडली, पण आकडा तोच." नदीचा आवाज येत होता. "का? कोणी दार मागतंय का?"

"नाही, म्हणजे... यंत्र मागतंय."

"यंत्र कशाला मागेल? यंत्र सांगतंय फक्त. मागणारं दुसरं कोणी असेल." ते आरामात बोलत होते, जणू नांगरलेल्या होडीबद्दल बोलावं. "हे बघ, दार मागणाऱ्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. वरच्या टोकाला जागा आहे. छप्पर वाढवता येतं."

मेंडियाने फोन ठेवला आणि फळ्याकडे बघत बसली.

"चाचणी कधी बदलते?" तिने तेक सिओंगला विचारलं.

"कोणी मागितलं तर."

"चाचणी बदललीय."

तिने फळ्याकडे बोट केलं.

"मग कोणीतरी मागितलंय. तुमचाच नियम आहे, बॉस."

"नियम माणसांसाठी आहे."

"असं फळ्यावर लिहिलेलं नाही."

तोवर एक दुसरी अडचण समोर होती. आम्ही गवायची खोटी संध्याकाळ चालवून बघत असू: सगळी भांडी लागलीत, गाणं सुरू आहे, दिवे चालू. नवा कोड जुन्यापेक्षा बरा होता, तरी दर वेळी एखादं दार विझायचंच. कधी तिसरं, कधी एकोणिसावं. मेंडियाने आठवडाभर झगडून पाहिलं होतं. त्या शनिवारी तिने काहीशा रागाने कोडमध्ये सत्तावीसच्या जागी अठ्ठावीस लिहिलं. चाचणी हिरवी झाली. तिने खोटी संध्याकाळ चालवली.

एकही दिवा हलला नाही.

पुन्हा चालवली. भांडी दुप्पट केली. पडद्यावरच्या रेषा ताटातल्या पाण्यासारख्या स्थिर राहिल्या.

"साधं आहे," तेक सिओंग म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "अठ्ठाविसावं खोकं नाहीच. त्याचा वाटा कोणी घेत नाही, तो राखीव राहतो. ओढाताण झाली की तोच उपयोगी पडतो. मला हे आधी सुचायला हवं होतं."

"तुम्हाला नाही सुचलं," मेंडिया म्हणाली.

"नाही."

"मलाही नाही."

तरी आम्ही खूष होतो. कोड लांबघराकडे गेला. मागणाऱ्याच्या नावाची जागा मेंडियाने कोरी ठेवली आणि सगळ्यांना कोंपिया आणले, न सांगता.

गवायच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळची बोट धरून कापितला आणि तिथून लिगोंगच्या होडीने वर गेलो. तेक सिओंग होडीत मधोमध, दोन्ही हातांनी कडा धरून. लिगोंगने त्याला विचारलं, "साहेब, पोहता येतं ना?" "येतं." "मग एवढं घट्ट का धरलंय? होडी बुडू नये म्हणून?" धक्क्यावर बायका उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि पुढचे दोन दिवस तेक सिओंगचं नाव 'होडीवाले साहेब' पडलं.

पाहुणा आला की त्याला ओसरीवरून टोकापर्यंत चालवतात आणि दर दारापुढे जमलेलं कुटुंब त्याला तुआकचा पेला देतं. भाताची दारू, गोड, आणि उशिरा चढणारी. नाही म्हणता येत नाही. मी ओठ लावून पुढे सरकायचं शिकले आहे. तेक सिओंगला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढे घंटा वाजत होत्या, मागे मुलं त्याच्या चालीची नक्कल करत होती, आणि तो दर दारापुढे वाकून पेला पूर्ण रिकामा करत होता, हिशेबनिसाच्या चेहऱ्याने. मी लिगोंगच्या दारी बाळ बघायला थांबले, म्हणून शेवटची काही दारं तो एकटाच गेला.

परत आला तेव्हा कान लाल होते.

"अठ्ठावीस," त्याने जाहीर केलं.

"सत्तावीस दारं आहेत साहेब," लिगोंग म्हणाला. "विसाव्या पेल्यानंतर सगळ्यांचंच असं होतं."

"मी मोजतो. कायम मोजतो." तो भिंतीला टेकून बसला. "शेवटचा सगळ्यांत चांगला होता. गोड. बाकी सगळे उभे राहून देत होते, ती बसूनच होती. उठायला त्रास होत असावा, म्हणून मीच खाली वाकलो."

"कोण ती?"

"मी कसं सांगू? तुमचीच माणसं."

लिगोंग हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. मेंडिया हसली नाही. शेवटच्या, सत्ताविसाव्या दारी एकटे म्हातारे न्याम्बर राहतात. ते विधुर आहेत.

दिवेलागणीला उंगाट ओसरीच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी जमलेल्यांवरून कोंबडा ओवाळला, मोठ्याने उदंड आयुष्य आणि भरल्या कणग्या मागितल्या, आणि मग मेंडियाकडे बघितलं. शेजारचे पाहुणे पहिल्याच रांगेत होते. त्यांनी खरोखरच मेणबत्त्या आणल्या होत्या आणि त्या मांडीवर दिसतील अशा ठेवल्या होत्या.

मेंडियाने मान हलवली. लिगोंगने आवाज दिला. घरोघर भाताची भांडी लागली, गाण्याचं यंत्र सुरू झालं, कोणीतरी हट्टाने इस्त्रीही लावली.

दिवे तसेच राहिले. सगळेच्या सगळे. पिवळे, स्थिर, टोकापासून टोकापर्यंत.

मग अशी आरोळी उठली की छपरावरची कबुतरं उडाली. मेंडियाच्या आईने तिला कडकडून धरलं. पाहुण्यांच्या मुखियाने आपल्या मेणबत्त्या उंगाटांच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "ठेवा. आमच्याकडे दिवे गेले की परत मागायला येईन." उंगाट इतके हसले की त्यांच्या टोपीतलं पीस पडलं. तेक सिओंगला ढाल देऊन नाचायला उभं केलं. तो वाईट नाचला आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या.

मी मुखियाच्या घरात जाऊन संगणक बघितला. सवय आहे. सत्तावीस ओळी, प्रत्येकीपुढे तिची वीज. खाली अठ्ठाविसावी. तिच्यापुढे शून्य असायला हवं होतं.

एका दिव्याएवढी वीज जात होती.

मी तेक सिओंगला आणि लिगोंगला बोलावलं. "गळती," तेक सिओंग म्हणाला, घाम पुसत. "कुठेतरी तार ओलीत असेल." लिगोंग मापक घेऊन तारेच्या कडेने गेला. गळती नव्हती. तार सत्ताविसाव्या खोक्यात संपत होती. पुढे फळ्यांची भिंत.

"दुरुस्त करू नका आज," मेंडिया मागून म्हणाली. "कोणाचं काही बिघडलेलं नाही."

तेवढ्यात बाहेर पाहुण्यांचा मुखिया विचारत होता, "मग उंगाट, एवढा उजेड किती दारांना पुरतो?"

"अठ्ठावीस," उंगाट म्हणाले.

त्यांनी चूक सुधारली नाही. मला वाटतं, त्यांना ती चूक वाटलीच नाही.

सकाळी मी टोकाच्या भिंतीपलीकडे गेले. तिथे काही नाही. उतरती जमीन आणि लांगसात नावाच्या फळाचं एक झाड. लांबघर खांबांवर उभं असतं आणि तांदळाचं धुवण बायका फळ्यांच्या फटींतून खाली ओततात, म्हणून प्रत्येक स्वयंपाकघराखाली सकाळी कोंबड्या जमतात.

भिंतीपलीकडे, जिच्यावर छप्पर नाही अशा जमिनीवर, सहा-सात कोंबड्या टिपत होत्या. माती पांढरट ओली होती. रात्री पाऊस झालेला नव्हता.

मी हे फक्त मेंडियाला सांगितलं. तिने विचारलं, "किती वाजता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आईसुद्धा त्याच वेळी तांदूळ धुते."

खोकी राहिली. उंगाट मुखिया राहिले. जूनअखेर शेजारच्या लांबघराने आमच्याकडे चौकशी केली आणि तेक सिओंगने चौथा माणूस नेमायचं ठरवलं. मेंडियाच्या टेबलावर तिच्या आईने विणलेली चटई आली. कचेरीत इतका चांगला महिना मला आठवत नाही.

अठ्ठाविसावी ओळ मी रोज बघते. दिवा दिवेलागणीला लागतो. झोपायच्या वेळी मंद होतो. जुलैच्या सुरुवातीपासून सकाळी थोडा वेळ वीज वाढते. एका माणसापुरतं भाताचं भांडं जेवढी घेतं तेवढी. तेक सिओंगने दोनदा मापकं बदलून पाठवली. नवी मापकं तेच दाखवतात.

लिगोंगच्या बायकोचा महिना कधीच पुरा झाला होता. उंगाटांचा तसा निरोप आला, आणि आम्ही रात्रभर दिव्याची चाचणी रीतसर बदलली. प्रश्न: रात्रभर दिवा कोणत्या दारी? उत्तर: कोणत्याच नाही. मागणारे: उंगाट.

काल दुपारी आम्ही तिघं खाली जेवत होतो.

वर आलो तर एक ओळ लाल होती. मला वाटलं, दारांची असेल. ती हिरवी होती.

रात्रभर दिवा कोणत्या दारी?

अठ्ठाविसाव्या.

मागणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

तेक सिओंगने ती ओळ वाचली. मग खुर्चीवर बसला. "ती बसूनच होती," तो म्हणाला.

मेंडियाने फोन लावला. "बाबा, आपल्याकडे कोणी बाळंत झालंय का? काल, परवा?"

"नाही. का?"

तिने सांगितलं.

पलीकडे कोंबडे ऐकू येत होते. मग उंगाट कोणाशी तरी बोलले, आणि मेंडियाच्या आईने बाळंतिणीसाठी आलं किसायला घेतल्याचं लिगोंग मागून ओरडून सांगू लागला. उंगाटांच्या आवाजात हसू होतं.

"तुझी आई विचारतेय," ते म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

चाचणीत तेवढं लिहिलेलं नाही. मेंडियाने कोड बदलला आणि तिन्हीसांजेच्या आत पाठवला. चाचणी आता हिरवी आहे.

अठ्ठाविसाव्या दारचा दिवा काल रात्रभर मंद झाला नाही.